रॅमचा वेग आणि विलंब

उड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये विमान मोठ्या शहरावर उतरू लागले की चित्र अडखळते, आणि पालक महागडे ग्राफिक्स कार्ड घेण्यास निघतात. पुष्कळदा खोळंबा प्रोसेसरचा असतो. तो रॅमकडून येणाऱ्या माहितीची वाट पाहत थांबतो. वेष्टनावरील मोठा आकडा अर्धेच सत्य सांगतो. सीएलच्या आकड्यास २००० ने गुणून वेगाने भागावे. विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. डीडीआर५, ६०००, सीएल ३० : विलंब १०. त्याच वेगाची, पण सीएल ४० : १३.३. जुनी डीडीआर४, ३२००, सीएल १६ हिचाही १०च! (नवीची वाहतूकक्षमता अर्थात मोठी.) आम्ही विद्यार्थ्यांस एकीऐवजी दोन जुळ्या पट्ट्या घेण्यास सांगतो. बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करावे. अन्यथा ६००० ची पट्टी बहुधा ४८०० वा ५६०० वरच चालते, आणि जादा मोजलेले पैसे वेष्टनातच राहतात.