सूक्ष्म शैवालातील मेद

पवना आणि इंद्रायणी या आपल्या औद्योगिक पट्ट्यातील नद्यांत नागरी सांडपाणी मिसळते. त्यातील नत्र व स्फुरदावर जलपर्णी फोफावते, हे आपण पाहतोच. त्याच खाद्यावर डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय शैवालही वाढते.

सूर्यप्रकाश, पाणी आणि कर्बवायू यांपासून ही पेशी आपले अन्न तयार करते. नत्र मुबलक असते तोवर ती विभागत राहते आणि मेद थोडाच साठवते. नत्र संपले की विभाजन मंदावते. प्रकाश मात्र मिळतच असतो. मग अन्न तेलाच्या थेंबांच्या रूपाने साठू लागते. काही जातींत हा मेद कोरड्या वजनाच्या निम्म्यापर्यंत जातो. म्हणजेच पाणी हिरवेगार, म्हणून तेल भरपूर, असे नव्हे.

मेंदूला व डोळ्यांना आवश्यक असणारे डीएचए हे मेदाम्ल आपण माशांचे मानतो. पण मासे ते अन्नसाखळीतून मुख्यतः सूक्ष्म शैवालाकडूनच मिळवतात. शाकाहारी माणसालाही ते शैवालतेलातून मिळू शकते. लोणारच्या क्षारयुक्त सरोवरात आढळणाऱ्या स्पिरुलिनात गॅमा-लिनोलेनिक आम्ल असते.

परंतु शैवाल पाण्यातील जड धातूही शोषून घेते आणि काही नीलहरित जाती विषही निर्माण करतात. म्हणून नदीतील शैवाल खाण्यास अयोग्य होय. खाद्य शैवाल स्वच्छ पाण्याच्या, देखरेखीखालील टाक्यांतच वाढवावे लागते.

कारणे बदलली की फळ बदलते, ही धम्माची शिकवण आम्हांस या पेशीतही दिसते. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे, हे कारण आपल्या हातचे आहे.