ओटानीला पत्त्यावर बसवा: फाशांवर खेळायची बेसबॉल कार्डं घरी बनवण्याची कृती

२०२४च्या हंगामात शोहेई ओटानीनं ५४ होमरन मारले आणि ५९ बेस चोरले. तो अख्खा हंगाम आज आपण पत्त्याएवढ्या कार्डावर उतरवायचा आहे. आधी बॅटरचं कार्ड, मग पिचरचं, मग छपाई आणि शेवटी खेळ. गणित शाळेतल्या शेकडेवारीपलीकडे जात नाही. फक्त क्रम सोडू नका.

साहित्य
• ३०० जीएसएमचा पांढरा ए-फोर कार्डपेपर
• साधा सहा बाजूंचा एक फासा
• दहा बाजूंचे, दोन वेगळ्या रंगांचे दोन फासे (नसतील तर ० ते ९ आकड्यांच्या चिठ्ठ्यांचे दोन डबे, काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाकायची)
• कॅल्क्युलेटर, स्टीलची पट्टी, पेपर कटर
• पत्त्यांच्या मापाची प्लास्टिकची पाकिटं

बॅटरचं कार्ड

१. हंगाम ठरवा. आपण २०२४ घेऊ. एकाच डावात दोन हंगामांची कार्डं मिसळू नका; दर हंगामाची सरासरी वेगळी असते.

२. भरपूर खेळलेला बॅटर निवडा. ५०२ किंवा जास्त प्लेट अपिअरन्स, म्हणजे बॅटिंगच्या पाळ्या, असतील तर उत्तम. फलंदाजीच्या सरासरीच्या यादीत यायलाही तेवढ्याच लागतात. चाळीस-पन्नास पाळ्या खेळलेल्याचं कार्ड हमखास फसवं निघतं.

३. बेसबॉल रेफरन्सच्या साइटवरून त्याचे आठ आकडे उतरवून घ्या. ओटानीचे असे: पाळ्या ७३१, हिट १९७, डबल ३८, ट्रिपल ७, होमरन ५४, वॉक ८१, अंगाला चेंडू लागून बेस ६, स्ट्राइकआउट १६२. हंगामाच्या मधेच संघ बदललेल्या खेळाडूच्या बाबतीत जपून! लुईस अराएझ २०२४मध्ये मायामीहून सॅन डिएगोला गेला. अशा खेळाडूंच्या दोन संघांच्या दोन ओळी दिसतात. तुम्ही एकूणची ओळ घ्या.

४. सिंगल मोजा. त्याचा रकाना बहुधा नसतो, म्हणून हिटमधून डबल, ट्रिपल आणि होमरन वजा करा: १९७ − ९९ = ९८.

५. वॉक आणि चेंडू लागून मिळालेले बेस एकत्र करा: ८१ + ६ = ८७. फलकावर दोन्हींचा परिणाम एकच, त्यामुळे कार्डावर एकच ओळ पुरते.

६. प्रत्येक आकड्याला ७३१ने भागून शेकडेवारी काढा, दशांशानंतर एकच अंक ठेवा. होमरन ७.४, ट्रिपल १.०, डबल ५.२, सिंगल १३.४, वॉक ११.९, स्ट्राइकआउट २२.२. शेजारीच ‘एबी’चा रकाना असतो (ओटानीचे ६३६). त्याने भागू नका, त्यात वॉक धरलेले नसतात.

७. प्रत्येक शेकडेवारी दुप्पट करा. खेळताना निम्मे फासे बॅटरच्या आणि निम्मे पिचरच्या कार्डावर पडणार आहेत, म्हणून ही दुप्पट.

८. त्यातून २०२४ची लीगची सरासरी वजा करा:
होमरन: १४.८ − ३.० = ११.८
ट्रिपल: २.० − ०.४ = १.६
डबल: १०.४ − ४.३ = ६.१
सिंगल: २६.८ − १४.२ = १२.६
वॉक: २३.८ − ९.३ = १४.५
स्ट्राइकआउट: ४४.४ − २२.६ = २१.८
घाई होते ती इथेच. ७ आणि ८ या पायऱ्या गाळून होमरनसमोर सरळ ७ लिहिलात, तर सरासरी पिचरसमोर तुमचा ओटानी हंगामात ५४ऐवजी ३७च्या आसपास होमरन मारेल!

९. दशांश काढून टाका. अर्ध्याहून जास्त असेल तरच वरचा आकडा घ्या: १२, २, ६, १३, १४, २२. नेमका अर्धा असेल तर खाली या, नाहीतर सगळेच बॅटर थोडे थोडे फुगतात.

१०. उणे आकडा आला असेल तिथे शून्य लिहा. अराएझ ६७२ पाळ्यांत फक्त २९ वेळा स्ट्राइकआउट झाला: ८.६ − २२.६ = −१४. घाबरू नका, चूक तुमची नाही. त्याच्या कार्डावर स्ट्राइकआउटची ओळच नसेल. पिचरच्या कार्डावरचे त्याला भोगावे लागतील, तेवढे पुरे.

११. आकडे १पासून ओळीनं मांडा. होमरन १–१२, ट्रिपल १३–१४, डबल १५–२०, सिंगल २१–३३, वॉक ३४–४७, स्ट्राइकआउट ४८–६९. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या पुढच्या आकड्यापासून सुरू होते ना, बोट ठेवून तपासा.

१२. उरलेले आकडे आऊटला द्या, निम्मे निम्मे. ग्राउंडआउट ७०–८५, फ्लायआउट ८६–१००. शेवट १००वरच व्हायला हवा. नसेल तर अकरावी पायरी पुन्हा बघा.

१३. चोरीचा आकडा लिहा. ओटानीनं ६३ प्रयत्नांत ५९ बेस चोरले, म्हणजे ९४ टक्के. कार्डावर ‘चोरी १–९४’. हंगामात दहाहून कमी प्रयत्न असतील तर सरळ ७५ लिहा. दोनपैकी दोन जमले म्हणून कोणाला १०० देऊ नका.

पिचरचं कार्ड

१४. पिचरचे पाच आकडे उतरवा. डेट्रॉइटच्या तारिक स्कूबलचे २०२४चे: समोर आलेले बॅटर ७५३, हिट १४२, होमरन १५, वॉक ३५, स्ट्राइकआउट २२८. ओटानीला इथे शोधू नका. त्या वर्षी त्यानं पिचिंग केलंच नाही.

१५. हिटमधून होमरन वजा करा: १४२ − १५ = १२७. हे विसरलात तर होमरन दोनदा मोजले जातील.

१६. मघाचंच गणित करा: ७५३ने भागा, दुप्पट करा, सरासरी वजा करा.
होमरन: ४.० − ३.० = १
बाकी हिट: ३३.८ − १८.९ = १४.९, म्हणजे १५
वॉक: ९.२ − ८.२ = १
स्ट्राइकआउट: ६०.६ − २२.६ = ३८
वॉकची सरासरी इथे ८.२ आहे, ९.३ नाही, कारण चेंडू लागलेले यात धरलेले नाहीत.

१७. वॉकमध्ये १ मिळवा. हा चेंडू लागण्याचा वाटा, सगळ्या पिचरना सारखाच. स्कूबलचे झाले २.

१८. बाकी हिटचा एक चतुर्थांश डबलला द्या. १५मधले ४ डबल, ११ सिंगल. ट्रिपल गाळा, एका आकड्याइतकीही त्याची सरासरी नाही.

१९. आकडे मांडा: होमरन १, डबल २–५, सिंगल ६–१६, वॉक १७–१८, स्ट्राइकआउट १९–५६, ग्राउंडआउट ५७–७८, फ्लायआउट ७९–१००.

२०. दमाचा आकडा लिहा. १९२ इनिंग्ज भागिले ३१ सामने, म्हणजे साधारण ६. सुरुवातीचे पिचर आणि मागून येणारे पिचर यांना एकाच मापानं मोजू नका; मागून येणाऱ्याला १ द्या.

२१. सरासरी पिचरचं एक कार्ड बनवून ठेवा: होमरन १–३, डबल ४–८, सिंगल ९–२२, वॉक २३–३१, स्ट्राइकआउट ३२–५४, बाकी आऊट.

२२. आता ताळा घ्या. बॅटर आणि सरासरी पिचर यांच्या एकाच ओळीतल्या आकड्यांची संख्या मिळवा आणि निम्मी करा. ओटानीचे होमरन: १२ + ३ = १५, निम्मे ७.५. खरा आकडा ७.४. झकास! एकाहून जास्त फरक आला तर छापू नका, आधी आठवी पायरी तपासा. अराएझसारखं शून्य लिहावं लागलेली ओळ मात्र जुळणार नाही. ती सोडून द्या.

छपाई

२३. ए-फोर पानावर ६३ बाय ८८ मिलिमीटरचे नऊ चौकोन आखा, तीन ओळी, तीन रकाने. कडेला मोकळी जागा राहू द्या. प्रिंटर अगदी काठापर्यंत छापत नाही.

२४. वर नाव, संघ, वर्ष आणि जागा लिहा. २०२४चा ओटानी ‘डीएच’, म्हणजे फक्त बॅटिंग करणारा. वर्ष हमखास राहून जातं.

२५. खाली आकड्यांचा तक्ता टाका. अक्षर फार बारीक नको, ६ आणि ८ लांबून सारखेच दिसतात.

२६. चित्र स्वतः काढा, किंवा संघाच्या रंगाचा नुसता पट्टा द्या. वृत्तसंस्थांचे फोटो आणि संघांची बोधचिन्हं उचलू नका, आणि कार्डं विकायला काढू नका. हा खेळ घरातला.

२७. ‘ॲक्चुअल साइज’ निवडून आधी साध्या कागदावर एक पान छापा. ‘फिट टू पेज’ राहिलं तर कार्डं आक्रसतात आणि पाकिटात खुळखुळतात.

२८. पट्टीनं मोजा, माप बरोबर असेल तर कार्डपेपरवर छापा.

२९. शाई वाळल्यावर स्टीलची पट्टी लावून कापा. दोनतीन हलके हात फिरवा. एकाच दाबात कापायला गेलात तर कड फाटते.

३०. कार्डं पाकिटात घाला. फाशांबरोबर चहाही टेबलावर येतोच!

पहिला फासा

३१. दहा बाजूंच्या फाशांपैकी दशकाचा रंग आधीच ठरवा. ०० म्हणजे १००. हे नंतर ठरवलंत तर भांडण ठरलेलं.

३२. तिन्ही फासे एकदम टाका.

३३. छोटा फासा आधी वाचा. १ ते ३ आलं तर बॅटरचं कार्ड, ४ ते ६ आलं तर पिचरचं. दमाच्या इनिंग्ज संपल्यावर पिचर थकला. मग ४सुद्धा बॅटरच्या कार्डाकडे.

३४. त्या कार्डावर मोठ्या फाशांचा आकडा शोधा. छोटा ५, मोठे ०७: स्कूबलचं कार्ड, ६–१६, सिंगल. ओटानी पहिल्या बेसवर!

३५. चोरी करायची तर मोठे फासे पुन्हा टाका. ९४पर्यंत सुखरूप, वर गेला तर बाद. एका खेळाडूला एका सामन्यात एकच चोरी, नाहीतर ओटानीवाला दर वेळी पळत सुटेल.

३६. प्रत्येक संघाला नऊ बॅटर आणि तीन पिचर बनवा. रोज दोन कार्डं केलीत तर बारा दिवसांत दोन संघ तयार. तोवर झालेल्या कार्डांवर एकेक इनिंग खेळून बघायला हरकत नाही.