जपानी ‘जोशि’ आणि आपले विभक्तिप्रत्यय

जपानी वाक्यात पावलोपावली ‘जोशि’ भेटतात, असे सांगितले तर तुम्हांला हसू येईल. परंतु हे आडनाव नव्हे. ‘जो’ म्हणजे साहाय्य आणि ‘शि’ म्हणजे शब्द. नामानंतर येऊन त्याचे वाक्यातील नाते सांगणारे हे साहाय्यक शब्द होत. इंग्रजीच्या द्वारे जपानी शिकणाऱ्यास ते अवघड वाटतात. कारण इंग्रजीत असे शब्द नामापूर्वी येतात. मराठी मुलास मात्र ही रचना घरचीच आहे. ‘घरात’, ‘घराला’, ‘घराहून’ असेच आपण बोलतो आणि क्रियापदही शेवटीच ठेवतो.

एक वाक्य पाहू : ‘नेको गा नेझुमि ओ ताबेरु’, म्हणजे ‘मांजर उंदराला खाते’. ‘गा’ कर्ता दाखवितो, ‘ओ’ कर्म दाखवितो. ‘नेझुमि ओ नेको गा ताबेरु’ असा क्रम बदलला, तरी अर्थ तोच राहतो. परंतु ‘गा’ आणि ‘ओ’ यांची अदलाबदल करा, की उंदीरच मांजराला खाऊ लागेल!

‘नो’ हा आपल्या षष्ठीचे काम करतो. ‘वाताशि नो होन’ म्हणजे माझे पुस्तक. आपल्या चा-ची-चे प्रमाणे त्याला लिंग-वचनाची उठाठेव नाही.

आता सावधगिरीची जागा. आपला एकच ‘त’ जपानीत दोन ठिकाणी विभागला जातो. नुसते असणे सांगताना ‘नि’ : ‘गाक्को नि इमासु’ (शाळेत आहे). तेथे काही क्रिया घडत असेल तर ‘दे’ : ‘गाक्को दे बेन्क्यो शिमासु’ (शाळेत अभ्यास करतो). प्रारंभी मी सर्वत्र ‘दे’ लिहीत असे आणि वही लाल शाईने भरून परत येई. साधनासाठीही ‘दे’च येतो, ‘पेन दे काकु’ म्हणजे पेनाने लिहिणे. आपला ‘ला’ही असाच फसवा आहे. उंदराला येथे ‘ओ’, पण ‘मित्राला भेटणे’ येथे ‘तोमोदाचि नि आउ’.

सर्वांत सूक्ष्म ‘वा’. तो कर्ता नव्हे, तर बोलण्याचा विषय दाखवितो. ‘झो वा हाना गा नागाइ’, म्हणजे ‘हत्ती म्हणाल तर, सोंड लांब’. व्याकरणकार मिकामि आकिरा यांनी १९६० साली हेच वाक्य आपल्या ग्रंथाचे नाव म्हणून योजिले. मात्र ‘कोण आले?’ या प्रश्नाला ‘हाहा गा किमाशिता’ (आई आली) असे ‘गा’नेच उत्तर द्यावे, कारण तेथे ‘कोण’ हीच नवी माहिती आहे. हा ‘वा’ लिहिताना ‘हा’चे अक्षर वापरतात. १९४६ च्या लेखनसुधारणेतही ही जुनी रीत राखण्यात आली.

शेवटी एक गंमत. ‘कोरे वा होन देसु का’, म्हणजे ‘हे पुस्तक आहे का?’ प्रश्नार्थक ‘का’ दोन्ही भाषांत वाक्याच्या शेवटी! हा केवळ योगायोग होय. त्यावरून दोन्ही भाषांचे कूळ एक मानू नये.

‘स-ला-ते’ आपण घोकून पाठ केले. पण त्या इवल्या अक्षरांवर वाक्याचा केवढा भार असतो, हे परभाषा शिकताना कळते. मातृभाषेचे व्याकरण ज्याला नीट उमगले, त्याची परभाषेतील अर्धी वाट सरली.

अभ्यास : रिकाम्या जागी योग्य ‘जोशि’ घाला.
(१) वाताशि — इए (माझे घर)
(२) इए — इमासु (घरी आहे)
(३) इए — बेन्क्यो शिमासु (घरी अभ्यास करतो)
(४) होन — योमु (पुस्तक वाचणे)

उत्तरे : (१) नो (२) नि (३) दे (४) ओ