पहिले वर्ष सांभाळा

सूनबाईने परसात करवंदाची दोन रोपे लावली. उन्हाळ्यात दोन्ही वाळली. सूनबाई हिरमुसली. म्हणाली, "आत्याबाई, करवंद पाण्यावाचून जगतं म्हणतात ना?"

सासूबाई म्हणाल्या, "जगतं, पोरी. पण मुळं खोल गेल्यावर! तान्ह्या लेकराला भाकर चालते का?"

सासूबाईंचे म्हणणे खरे आहे. करवंद, अडुळसा, निर्गुडी ही झुडपे कमी पाण्यावर तग धरतात. करवंदाचे काटेरी कुंपण होते, फळेही मिळतात. अडुळसा व निर्गुडी यांना शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत. पण पहिल्या वर्षी सर्वांनाच पाणी लागते.

उन्हाळ्यात हातभर खोल खड्डा खणावा. तो उन्हात तापू द्यावा. मग माती व कुजलेले शेणखत भरावे. चांगला पाऊस झाला, की रोप लावावे. शेजारीच मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे. बुडाशी पालापाचोळा पसरावा. त्याने ओल टिकते.

पाऊस सरला, की मडक्यात पाणी भरून झाकण ठेवावे. पाणी हळूहळू झिरपते. मुळे ओलीकडे खोल जातात. रोज वरवर पाणी शिंपडले, तर मुळे वरच राहतात आणि उन्हात करपतात.

यंदा सूनबाईने मडके पुरले आहे. तुम्हीही पुरा. पहिले वर्ष तुम्ही झुडपाला सांभाळा. पुढे ते तुमचे परस सांभाळील.