कात्री आत ठेव

अरे, भाईंदर पूर्वेला मेडिकल टाकतोयस, तर पहिलं हे ऐक. स्ट्रिप कापायची कात्री काउंटरवर ठेवू नकोस. हाताशी असली की हात चालतोच. विरार लोकलमधून उतरलेला माणूस पोट धरून येतो, "लूज मोशनच्या दोन गोळ्या द्या" म्हणतो, आणि आपण सिप्रो नाहीतर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल कापून मोकळे. मीही वर्षानुवर्षं कापल्या. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक खूश, "काका, गोळी लागू पडली!" बहुतेकांचं पोट तेवढ्या दिवसांत आपसूकच बरं होतं, हे मी कधी बोललो नाही.

त्या दोन अँटिबायोटिक गोळ्यांनी पोटातले लेचेपेचे जंतू मरतात, चिवट मागे उरतात. वर हे चिवट आपली युक्ती शेजारच्या जंतूला देतात, तो दुसऱ्या जातीचा असला तरी. जपानमध्ये 1950च्या दशकात रक्ती आवेच्या शिगेला जंतूंवर चार-चार औषधं एकदम चालेनाशी झाली, तेव्हा ही देवाणघेवाण उघडकीला आली. आपल्याकडे शिगेलावर आधी नॅलिडिक्सिक ॲसिड गेलं, मग सिप्रोही.

म्हणून चिठ्ठी नसेल तर आधी विचार: शौचातून रक्त पडतंय का, ताप आहे का, लघवी कधी झाली? रक्त, ताप, डोळे खोल गेलेलं मूल, सहा तास लघवी नाही, यातलं काहीही असलं की सरळ डॉक्टरकडे. लहान मुलाला लोपेरामाइड कधीच नाही.

बाकीच्यांना ओआरएस. मोठी पुडी एक लिटर पाण्यात, सगळी एकदम. लोक पेल्यात अर्धी घोळतात, म्हणून मी लिटरची रिकामी बाटली काउंटरवर ठेवायचो आणि उचलून दाखवायचो. पाच वर्षांखालच्या मुलाला जोडीला झिंक, 14 दिवस. जुलाब थांबले तरी पुरं करायचं. खोक्यातलं गोड सरबत ओआरएस म्हणून देऊ नकोस. 'साधं मीठ-साखरेचं पाणी काय करणार' म्हणणारा भेटेलच. त्याला 1971 सांग. बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटलं. वीस-तीस टक्के माणसं दगावत होती, ती चार टक्क्यांच्या आत आली.

चिठ्ठीवर सेफिक्झिम दिलंस, तर लक्षात ठेव: हेही अँटिबायोटिक, आणि ते शेड्यूल एच-वनमध्ये आहे, 2014 पासून. पेशंट, डॉक्टर, औषध, नग, सगळं वहीत, आणि वही तीन वर्षं जपायची. शटर पाडायच्या आधी लिही, सकाळवर टाकलंस की राहिलं.

चिठ्ठीशिवाय गोळी दिली नाहीस की गिऱ्हाईक चिडून समोरच्या दुकानात जाईल. जाऊ दे. आणि एकाच बिल्डिंगचे तिघे दोन दिवसांत पोटाची तक्रार घेऊन आले, तर टँकर कधी आला होता, टाकी कधी धुतली होती ते विचार, सेक्रेटरीला बोलव आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी फोन कर.