फुप्फुसाची रचना आणि वायूंची देवाणघेवाण

प्राणपवन हृदयास स्पर्श करून कंठावाटे बाहेर पडतो आणि आकाशातील अमृत प्राशन करून वेगाने परततो, असे शार्ङ्गधर संहितेत वर्णन आहे. हा व्यवहार नेमका कोठे घडतो, ते पाहू. प्रस्तुत लेखात आम्ही ‘ऑक्सिजन’ हाच शब्द योजला आहे. ‘प्राणवायू’ म्हटल्यास वाताच्या प्राण या भेदाशी गल्लत होते.

श्वासनलिकेला सुमारे २३ वेळा फाटे फुटतात. आरंभीच्या १६ टप्प्यांत वायूची केवळ ने-आण होते. देवाणघेवाण त्यापुढे, वायुकोशांत. हे वायुकोश ३० ते ५० कोटी असून प्रत्येकाचा व्यास सुमारे पाव मिलिमीटर असतो. त्यांचा एकत्रित पृष्ठभाग सुमारे ७० चौरस मीटर भरतो. एवढ्या विस्तारावर विश्रांतीच्या वेळी केशवाहिन्यांत जेमतेम ७० मिलिलिटर, म्हणजे अर्धी वाटी रक्त पसरलेले असते! मधला पडदा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. रक्तकण तेथून पाऊण सेकंदात जातो, परंतु निरोगी फुप्फुसात पाव सेकंदातच तो ऑक्सिजनने भरतो. उरलेला अर्धा सेकंद ही शिल्लक होय.

चिकित्सकाने लक्ष द्यावे ते या शिलकीकडे. तंतुमयतेने पडदा जाड झाला, तरी बसलेल्या रुग्णाला वेळ पुरतो. चालताना रक्ताचा वेग वाढतो, वेळ कमी पडतो आणि ऑक्सिजन घसरतो. कार्बन डायऑक्साइड सुमारे वीसपट सुलभतेने पार होत असल्याने त्याचा निचरा बराच काळ टिकतो. म्हणूनच खुर्चीत बसवून घेतलेल्या ऑक्सिमीटरच्या एकाच नोंदीवर आम्ही विसंबत नाही. विश्रांतीची नोंद समाधानकारक असून छातीत दुखत नसेल, तर रुग्णास सोबत राहून थोडे चालवावे व पुन्हा मोजावे. चार अथवा अधिक अंकांची घसरण आढळल्यास फुप्फुसतज्ज्ञांकडे पाठवावे.

धूम्रपानाने वा चुलीच्या धुराने वायुकोशांच्या भिंती फुटतात, तेव्हा विकृती निराळी असते. अनेक कोश मिळून एक पोकळी होते, पृष्ठभाग घटतो. सूक्ष्म नलिकांचा आधार गेल्याने त्या उच्छ्वासात मिटतात. वासा, कंटकारी यांची योजना कफासाठी जरूर करावी. फुटलेली भिंत मात्र त्यांनी पुन्हा उभी राहत नाही. अशा रुग्णाचा चालू इन्हेलर आपल्या औषधाच्या भरवशावर बंद करवू नये. औषधालयाच्या मालकांनीही दम्यासाठी महिनोन्‌महिने तोच अवलेह नेणाऱ्या ग्राहकास, ‘जिना चढताना दम पूर्वीपेक्षा लवकर लागतो का?’ एवढे तरी विचारावे.