ठोकळ्याचे लाकूड आले कुठून?

मुलासाठी घरीच लाकडी ठोकळे करायचे ठरले की पालक विचारतात, लाकूड कोणते घ्यावे? माझ्या मते आधी विचारावे, ते लाकूड यापूर्वी कुठे होते? मानखुर्दला मंडाळ्याच्या भंगार गोदामांत जुन्या दारांच्या फळ्या, पॅकिंगची खोकी, पॅलेट स्वस्तात मिळतात. फळी अस्सल सागाची असेलही, पण तिच्यावरच्या पिवळ्या किंवा लाल ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. दार बहुधा त्याआधीचे. सँडपेपर मारला की रंगाची भुकटी लादीवर, तिथून मुलाच्या बोटांवर आणि बोटांवरून तोंडात जाते. गिळलेले शिसे मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात. अंगात लोह कमी असेल तर त्याहूनही जास्त. पॅलेटवरचा ‘एचटी’ शिक्का लाकूड तापवून कीडमुक्त केल्याचे सांगतो. पुढे त्यावर कोणते रसायन सांडले, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून वखारीतून शिवण किंवा आंब्याचा कोरा तुकडा घ्या. सावंतवाडीची खेळणीसुद्धा परंपरेने पांगारा, आंबा अशा हलक्या लाकडाचीच. ठोकळा चार सेंटिमीटरपेक्षा लहान नको, कडा गोल घासा आणि कोराच ठेवा. चकाकी हवीच असेल तर औषधाच्या गोळ्यांवर देतात ती शुद्ध लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावा, वास पूर्ण जाईपर्यंत वाळू द्या. कोरे लाकूड मळते, हे खरे. पण ओल्या फडक्याने पुसून वाळवले की भागते. रंगासाठी सुटी हळदही नको, कारण तिच्यात भेसळ होणारे लेड क्रोमेट हेच पिवळ्या रंगातलेही शिसे. ‘आम्हीही रंगीत खेळणी चघळली, काय झाले?’ असे आजी-आजोबा म्हणतात. शिशाने होणारी इजा ताप-खोकल्यासारखी दिसत नाही. ती आकलनावर आणि एकाग्रतेवर होते. सुरक्षित म्हणावी अशी शिशाची पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

घरात जुन्या रंगाचे ठोकळे असतील तर ते खरवडू नका, बाजूला काढा. मूल ते चघळत असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्या. प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आले, तर शिसे घरात कुठून येते ते शोधलेच पाहिजे.